दोन दारांची

इंजिन सहा सिलिंडरचं, एका ओळीत उभं,
दोन हजार सातशे सेहेचाळीस सीसी,
अश्वशक्ती एकशे पंच्याऐंशी.
नगराळे कंपाउंडरनं हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून आणलं होतं
आणि खाली, सवयीनं, वेळा:
सकाळी चालू होते. संध्याकाळी चालू होते.
दुपारी नाही.

माझं गॅरेज म्हणजे वरुडच्या नाक्यावर चार टिना आणि एक कडुनिंब.
ट्रॅक्टर येतात, मोटारपंप येतात,
संत्र्याचे मेटॅडोर येतात क्लचप्लेट जाळून.
ही आली ट्रॅक्टरमागं, सोलाच्या दोराला बांधून,
जर्मनीची लेक, तोंडावरची चांदणी कोणीतरी उपटलेली,
रंग दुधात चहा सांडल्यासारखा.
डॉक्टर वारले तेव्हा दवाखाना पुतण्याला गेला,
गाडी कंपाउंडरला.
नागपूरचा मिस्त्री म्हणाला होता, भंगारात द्या.

दारं दोनच. मधे खांब नाही.
चारही काचा उतरवल्या की बाजूला नुसती हवा उरते.
पत्र्याला आतून गंज:
मी जॅक लावला, दांडा फिरवला,
जॅक वर गेला, गाडी जागेवर.
टायमिंग चेन सैल, पहाटे पहिला मिनिटभर
सुपात हरभरे पाखडल्यासारखी वाजायची,
मग तेल चढलं की गप्प.

कुलपं मात्र हवेवर चालणारी.
एका दाराला चावी फिरवा,
दुसरं दार, डिकी, पेट्रोलचं झाकण
आपोआप मिटलं पाहिजे.
एकही ऐकेना.
तीन दिवस मी नळ्या चाचपल्या, तोंडानं ओढून पाहिल्या,
जीभ रबराची झाली.
चौथ्या दिवशी नगराळेनं पिशवीतून डॉक्टरांचा स्टेथोस्कोप काढला,
डाव्या दाराच्या गादीला लावला, डोळे मिटले.
"इथं फुसफुसते बावा. दम्याची आहे."
सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, दोन रुपयांची, बोटभर कापून घातली.
टक. टक. टक.
तो स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून चहा प्यायला.

दुपारचं दुखणं राहिलं.
पारा सत्तेचाळीसवर, इंजिन तापलं, बंद केलं,
की पेट्रोलची नळीतच वाफ होते,
दाब धरून ठेवायचा डबा तो धरत नाही,
आणि तो डबा इथं कुठं मिळणार.
"ओलं पोतं टाका नळीवर," मी म्हटलं,
"नाहीतर झोपू द्या. चारच्या आत उठायची नाही."
"डॉक्टरसाहेबही उठत नव्हते," तो म्हणाला.

पुसल्याच्या रस्त्यानं चालवून पाहायला निघालो
तर हा माणूस मागं जाऊन बसला, मांडीवर रिकामी पेटी.
"पुढं बसा ना."
"नाही. तू चालव."

रस्त्यात बोलला, आरशात न बघता:
तेवीस वर्षं व्हिजिटला गेलो, इथंच बसून.
डावं दार तेव्हाही अडायचं.
मग दर गावात डॉक्टर आधी उतरत,
सीट वाकवून धरत,
आणि मी पेटी घेऊन बाहेर येई.
एमडी माणूस, अन् दार धरून उभा. कोणासाठी, तर माझ्यासाठी.
पारावरचे लोक पाहत राहत.
काही गावांत मले पाणी वरून ओतून देत होते तेव्हा.
एवढंच सांगतो तुले.

बागांना पाणी तोडलेलं, झाडं सुकत ठेवलेली.
फाट्यावर रसवंती दिसली म्हणून मी गाडी उभी केली,
चावी फिरवली आणि तेव्हा लक्षात आलं:
साडेबारा.
आता चारपर्यंत काही नाही.

डावं दार आता उघडतं, मी सांगणार होतो,
कालच कडी घासून तेल दिलं होतं.
तो हललाच नव्हता.
मी उतरलो. सीट वाकवली. धरून उभा राहिलो.
रसवंतीवाला आमच्याकडं पाहत होता.

नगराळे बाहेर आला, आधी पेटी, मग तो,
आणि पोतं भिजवायला पाणी कुठं आहे ते विचारायला
उन्हातून सरळ चालत गेला.